कृपया पूर्ण नाव व पत्ता कळवावा

नगरपालिकेच्या आवक विभागात बसणाऱ्या बाईंचं खरं नाव पगारपत्रकाबाहेर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. सगळं शहर त्यांना त्रुटीबाई म्हणायचं, आणि तेही काही प्रेमाने नव्हे. अर्ज नळाचा असो की जन्माच्या दाखल्याचा, बाई तो खिडकीतून आत घ्यायच्या, कपाळावरचा चष्मा नाकावर आणायच्या आणि त्यात काहीतरी कमी आहे हे शोधून काढायच्याच. कुठे सही नाही, कुठे तारीख नाही, कुठे घर क्रमांकच गायब. मग आठ दिवसांत त्या माणसाच्या दारात पिवळं त्रुटीपत्र हजर. बाईंच्या आधी त्या खुर्चीवर जे गृहस्थ होते, ते अपुरे अर्ज सरळ टोपलीत टाकायचे. त्यांना मात्र लोक देवमाणूस म्हणायचे, कारण त्यांच्याकडून कधी पत्रच यायचं नाही. जग असं आहे.

तर या बाईंचा जीव अडकला होता एका पुलात.

शहराच्या मधोमध नदी होती आणि नदीवर पायी चालणाऱ्यांसाठी एक जुना लोखंडी पूल होता. रुंदी एवढीच की समोरून छत्रीवाला आला तर आपली छत्री मिटावी लागे. पत्रे सैल झालेले, कठड्याला गंज धरलेला, पाय पडला की खडखडाट. नगरपालिका या काठावर आणि बाईंची आई त्या काठावर. दोन वर्षांपूर्वी आईचं उजवं अंग गेलं. तेव्हापासून बाई दिवसातून तीन वेळा पूल ओलांडायच्या: सकाळी कामाआधी, दुपारी जेवणाच्या सुट्टीत आणि संध्याकाळी. मधल्या वेळात शेजारीण डोकावून जायची. आईला आपल्याकडे आणावं तर बाईंचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि जिना असा की धडधाकट माणसाच्याही नाकी नऊ यावेत.

हा पूल काढून टाकायचा प्रस्ताव आला होता. पूल गेला तर मोठ्या रस्त्याने वळसा, दोन बस आणि एका खेपेला पाऊण तास. म्हणजे एकतर नोकरी सोडायची, नाहीतर आईला वृद्धाश्रमात ठेवायचं. तिसरी वाट नव्हती. आणि बाईंना तोंड उघडायचीही सोय नव्हती, कारण नगरपालिकेच्या कर्मचाऱ्याने नगरपालिकेच्या प्रस्तावावर हरकत घ्यायची नाही, असा नियम होता. नियम म्हटल्यावर बाई गप्प.

नवे साहेब वयाने बाईंच्या भाच्याएवढे, पण उत्साह दांडगा. लोकांना हरकत घ्यायला कार्यालयात कशाला बोलवायचं, कार्यालयच लोकांच्या फोनमध्ये जाऊ दे, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी नगरपालिकेच्या पेजवर पुलाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'हा पूल ठेवावा की काढावा? आपलं मत कारणासह कळवा.' दोनशे हरकती आल्या तर जाहीर सुनावणी. नाही आल्या तर प्रस्ताव मंजूर. मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत.

मंगळवारी सकाळी साहेबांनी सगळ्या प्रतिक्रियांचा छापील गठ्ठा बाईंच्या टेबलावर आणून ठेवला. एकूण चारशे बारा. पूल ठेवा म्हणणारेच जास्त. साहेबांची छाती दोन इंच फुगली होती. बाईंनी चष्मा नाकावर आणला, पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि पेन्सिलीने खुणा करत अख्खा गठ्ठा चाळला. अर्ध्या तासाने त्या साहेबांच्या केबिनमध्ये उभ्या होत्या.

"साहेब, यातल्या एकोणीसच नोंदवता येतील."

"एकोणीस? चारशे बारा आहेत बाई!"

"बाकीच्यांना नाव-पत्ता नाही."

"नाव नाही कसं? हे काय, प्रत्येकाच्या वर नाव आहे की." साहेबांनी गठ्ठा ओढून मोठ्याने वाचलं, "'एकटा वाघ'. 'रातराणी'. 'तुझ्या नानाची टांग'." आणि त्यांनी गठ्ठा खाली ठेवला.

आता लोकांना तरी काय म्हणावं? मत द्यायचं, पण नाव सांगायचं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायची जुनी सवय. नळाच्या अर्जावर तीन पिढ्यांची नावं लिहिणारी माणसं इथे वाघ, राण्या आणि टांगा होऊन बसली होती. आणि नोंदवहीत 'तुझ्या नानाची टांग, राहणार अमुक' असं लिहून चालणार नव्हतं.

बाई जागेवर परतल्या तेव्हा शिपाईकाकांनी चहा ठेवता ठेवता हळूच सुचवलं, "बाई, अख्ख्या शहराचे पत्ते तुम्हाला तोंडपाठ. टाका की भरून. कोण बघतंय?"

"मी बघतेय," बाई म्हणाल्या.

पण चहा तसाच राहिला. त्या सुन्न होऊन गठ्ठ्याकडे बघत होत्या. बावीस वर्षं ज्या नियमाने लोकांना छळलं, तो आता आपल्याच मुळावर आला, असं त्यांच्या मनात आलं. आणि त्याच क्षणी दुसरंही काहीतरी आलं. त्यांनी कपाटातून नियमांचं पुस्तक काढलं. पान पाठ होतं, तरी काढलं. मग पुन्हा केबिन.

"साहेब, अपुरं निवेदन आलं तर ते बाद करायच्या आधी त्रुटीपत्र द्यावं लागतं. तीन दिवसांची संधी. नियमच आहे."

"ते कागदावरच्या अर्जांना, बाई."

"कागदावरच हवं असं कुठे लिहिलंय, दाखवा मला."

साहेबांनी पान वाचलं. उलटून वाचलं. "पण पाठवणार कुठे? पत्ताच तर नाही!"

"जिथून आलं तिथेच. प्रत्येकाच्या खाली उत्तर द्यायचं. पूल ठेवा म्हणणाऱ्यांनाही आणि काढा म्हणणाऱ्यांनाही."

साहेबांनी खुर्चीत मागे टेकून मोठा श्वास सोडला. आपलं पेज शहराच्या चेष्टेचा विषय होणार, ही धास्ती त्यांनाही होतीच. त्यांनी पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिला आणि म्हणाले, "बाई, तुम्ही आहात म्हणून बरं आहे." हे वाक्य त्या कार्यालयात कुणी बाईंना पहिल्यांदाच म्हटलं असेल.

बाई संगणकापुढे बसल्या आणि बावीस वर्षांचं पाठ वाक्य टाकू लागल्या: 'आपले निवेदन प्राप्त झाले. निवेदनात खालील त्रुटी आढळून आली आहे. कृपया पूर्ण नाव व पत्ता कळवावा.' एक, दोन, दहा, तीस. एकेचाळिसाव्याला पडद्यावर लाल पट्टी आली. एकच मजकूर पुन्हा पुन्हा पाठवल्यामुळे आपल्याला एक तास उत्तर देता येणार नाही. त्या निर्जीव यंत्राने नगरपालिकेला भामटी ठरवलं होतं.

"म्हणजे आता?" शिपाईकाका.

"म्हणजे आता प्रत्येकाला वेगळं लिहायचं," बाई म्हणाल्या. शासकीय भाषेबाहेर त्यांनी शेवटचं काही लिहिलं होतं ते शाळेतल्या निबंधात.

तासाभराने त्यांनी पहिलं वेगळं उत्तर लिहिलं. 'एकटा वाघ' यांनी लिहिलं होतं, 'पूल पाडलात तर याद राखा.' बाईंनी खाली लिहिलं, 'याद राखायला नाव लागतं. कृपया पूर्ण नाव व पत्ता शुक्रवारी पाचच्या आत कळवावा.' मग 'रातराणी' यांना: 'आपण रोज संध्याकाळी पुलावर फिरायला जाता हे वाचलं. कोणत्या घरातून निघता तेही कळवावं.' 'तुझ्या नानाची टांग' यांनी अभियंत्यांच्या खानदानाचा उद्धार केला होता. त्यांना: 'शिवीची नोंद घेता येत नाही. हरकतीची घेता येते. कृपया पूर्ण नाव व पत्ता कळवावा.'

हात एकदा सैल सुटला म्हणजे सुटला. बाईंनाच आश्चर्य वाटत होतं. लोक त्या उत्तरांचे फोटो काढून एकमेकांना पाठवू लागले. 'नगरपालिकेत चक्क माणूस बसलाय,' असं कुणीतरी लिहिलं आणि त्याला शंभर अंगठे मिळाले. साहेबांना सगळीकडून फोन येऊ लागले. ते प्रत्येकाला 'आमची टीम' असं सांगत होते. टीम तेव्हा चष्मा पुसत होती.

बुधवारी अकराच्या सुमाराला बाई दोनशे सत्तेचाळिसाव्या प्रतिक्रियेवर आल्या. नाव होतं 'खिडकीतली'. मजकूर असा:

'पूल काढून टाका. माझी मुलगी दिवसातून तीन वेळा तो ओलांडते. दुपारी सुट्टीत पळत येते, मला भरवते, स्वतः उभ्यानेच दोन घास खाते आणि पळते. तिची पन्नाशी आली, पाय सुजतात. मी मरेपर्यंत ती थांबायची नाही. पूलच नसला तर तिला कारण मिळेल. मला कुठेही ठेवा. ती सुटेल बिचारी.'

बाईंनी ते एकदा वाचलं. चष्मा काढला. परत घातला आणि पुन्हा वाचलं. आईला शेजारणीने डाव्या हाताने फोन वापरायला शिकवलं होतं, वेळ जावा म्हणून. बाईंना वाटायचं, आई भजनं ऐकत असेल. त्यांना रडू आलं, आणि रडण्याइतकाच रागही आला. दोन वर्षं आपण ज्या पुलावरून जिवाच्या आकांताने धावतोय, तो आपल्यासाठी म्हणून आईच पाडायला निघाली होती!

पण त्रुटी ती त्रुटी. नाव नव्हतं, पत्ता नव्हता. बाईंनी डोळे पुसले आणि लिहिलं, 'आपलं मत मिळालं. हे मत मुलीला विचारून दिलं आहे का? कृपया पूर्ण नाव व पत्ता कळवावा.'

पाच मिनिटांत उत्तर आलं. 'विचारलं तर ती नाही म्हणेल. हट्टी आहे.'

बाईंनी लिहिलं, 'मुलगी योग्य तेच म्हणेल, असं कार्यालयाचं मत आहे.'

'कार्यालयाला काय कळतंय?' आईने लिहिलं.

हे सगळं अख्ख्या शहरासमोर चाललं होतं. एव्हाना बाकीची मंडळीही मध्ये पडली. कुणी लिहिलं, आजी, असं बोलू नका. कुणी आपल्या आईची आठवण काढली. रातराणींनी लिहिलं, 'माझी मुलगी सातासमुद्रापार आहे. पूल नको असेल तर मला द्या.'

त्या दुपारी बाई पूल ओलांडून गेल्या, आईला भरवलं, पाठ पुसून दिली. बाई काही बोलल्या नाहीत. आईही बोलली नाही. फक्त एकदा लेकीच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली, आणि बाईंनी नजर चुकवली. गुरुवारीही तेच. दोघी एकाच माळेचे मणी, कोण आधी बोलणार? परतताना पुलाच्या मध्यावर बाईंना वाटलं, आईला खरंच आपलं येणं नको असेल तर? आपणच स्वतःच्या समाधानासाठी धावत असू तर? तो विचार त्यांना पुलाच्या टोकापर्यंत पुरला.

शुक्रवार उजाडला. दहाला खिडकी उघडली तेव्हा समोर सात माणसं होती. साडेदहाला रांग जिन्यावर गेली, बाराला फाटकाबाहेर. फोनवर नाव लिहायला अजूनही संकोच वाटणारे सगळे प्रत्यक्ष आले होते.

"नाव?" बाईंनी विचारलं.

समोर एक काटकुळा, चाचरत बोलणारा शिंपी उभा होता. गळ्यात अजून टेप तशीच. त्याने इकडेतिकडे बघितलं, खिडकीत तोंड घातलं आणि कुजबुजला, "मीच तो... एकटा वाघ."

"मोठ्याने बोला, ऐकू येत नाही."

"एकटा वाघ!" शिंपी ओरडला आणि रांग खो खो हसली. पण मागची एक पांढऱ्या केसांची निवृत्त नर्स पुढे आली. "हसताय काय? मी रातराणी आहे," तिने जाहीर केलं. मग मात्र एकेक जण आपणहून सांगू लागला. 'तुझ्या नानाची टांग' हे मुलांच्या शाळेचे मुख्याध्यापक निघाले. त्यांनी हात जोडून विनंती केली, "बाई, ते तेवढं नोंदवहीत नको."

"नोंदवहीत फक्त खरं नाव जातं, सर. घर क्रमांक राहिलाय, तो लिहा."

दुपारी बाईंना हलता आलं नाही. शेजारणीला फोन करून आईचं जेवण सांगितलं. दोनला एकशे सत्तर. पावणेतीनला दोनशे झाल्या, आणि दोनशेवी नोंद एका पाववाल्याची होती, हे बाईंच्या पक्कं लक्षात राहिलं, कारण त्याच्या हाताचं पीठ नोंदवहीला लागलं. बाईंचा जीव भांड्यात पडला. मंगळवारपासून छातीवर बसलेला धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं झालं. शिपाईकाकांनी न सांगता चहा आणला, आणि बाईंनी तो शेवटपर्यंत प्यायला. तरी रांग संपेना. ज्यांना आजवर त्रुटीपत्रांचा वैताग यायचा, तेच लोक खिडकीतून 'थँक्यू हं बाई' म्हणून जात होते.

साडेचारला आईची शेजारीण आली. तिने बंद पाकीट पुढे केलं. वर डाव्या हाताची वेडीवाकडी अक्षरं: 'सुनावणीचे अध्यक्ष यांस.' खाली पूर्ण नाव, घर क्रमांक, रस्ता, तारीख, सही. बाईंनी सवयीने पाकीट उलटसुलट करून पाहिलं. काहीही कमी नव्हतं. आणि अध्यक्षांच्या नावाचं पाकीट आवक विभागात फोडायचं नसतं.

"काय लिहिलंय हो तिने?" बाईंनी विचारलंच.

"मला बाहेर बसवलं होतं," शेजारीण म्हणाली. "दोन दिवस लिहीत होत्या."

बाईंनी पाकिटावर शिक्का मारला. नोंद क्रमांक दोनशे चौसष्ट.

सुनावणी पुढच्या गुरुवारी अकराला नगरपालिकेच्या सभागृहात झाली. खुर्च्या पुरल्या नाहीत. लोक भिंतीला टेकून उभे राहिले. बाई कोपऱ्यातल्या टेबलावर इतिवृत्त लिहायला बसल्या होत्या. अध्यक्ष साहेबच. वाघ बोलला, रातराणी बोलल्या, मुख्याध्यापक अत्यंत सभ्य भाषेत बोलले. मग साहेबांनी पाकीट फोडलं आणि वाचायला सुरुवात केली. बाई लिहू लागल्या.

"'पूल काढावा असं मी लिहिलं होतं. ते मागे घेते. मुलगी माझ्यामुळे अडकली आहे असं मला वाटत होतं. नगरपालिकेने मला विचारलं की मुलीला विचारलंत का. मी तिला विचारलं नाही. पण दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही आणि तरी दोन्ही दिवस आली, त्यावरून मला कळलं.'"

बाईंच्या पेनाचा वेग कमी झाला. साहेब पुढे वाचत होते.

"'माझी मुलगी तुमच्याच कार्यालयात आहे. तिला हरकत घ्यायची परवानगी नाही, म्हणून मी घेते. ती आली की मी दर वेळी म्हणते, कशाला आलीस. ते खोटं आहे. मी साडेबारापासून खिडकीतून पुलाकडे बघत असते. ती पुलावर दिसली की मला बरं वाटतं. पूल काढू नये.'"

साहेबांनी कागदावरचं नाव वाचलं, पत्ता वाचला आणि कोपऱ्यातल्या टेबलाकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. बाई मान खाली घालून लिहीत होत्या. शाई जागोजाग पसरली होती, पण एक शब्द गाळला नव्हता.

त्यानंतर फार चर्चा झाली नाही. अभियंत्यांनी सांगितलं की अर्धा पूल चालू ठेवून अर्ध्याचे पत्रे बदलता येतील, आणि हे त्यांनी आधीच का सांगितलं नाही असं विचारल्यावर म्हणाले, कुणी विचारलं नाही. एक वाजून पन्नास मिनिटांनी ठराव झाला: पूल राहील. लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिंप्याने तर शिट्टी मारली. साहेब बाईंच्या टेबलाशी आले आणि हळूच म्हणाले, "इतिवृत्त उद्या द्या. जा तुम्ही."

बाई गेल्या. धावल्या म्हणावं तर तेवढं वय नव्हतं, चालल्या म्हणावं तर लोक वळून बघत होते. पुलाचे पत्रे खडखडत होते आणि त्या खडखडाटावर बाई आयुष्यात पहिल्यांदा खूश होत्या. आईचं दार नेहमीप्रमाणे लोटलेलं होतं.

आई खिडकीशी बसली होती. तिने मान वळवली, लेकीला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि दोन वर्षांत कधी बोलली नव्हती ते बोलली.

"किती उशीर केलास गं! कधीची वाट बघतेय मी."

बाई तिथेच उंबऱ्यात बसल्या आणि लहान मुलीसारख्या ओक्साबोक्शी रडल्या.

आईने थोडा वेळ रडू दिलं. "रड नंतर," मग ती म्हणाली. "आधी दोघींचं ताट वाढ. भूक लागलीये."